क्लोन केल्यावर ईटीएच० गायब, काय करावे?

नागपूरच्या कॉलेज लॅबसाठी सेंटओएस ६ या लिनक्सच्या इमेजचे क्लोन (हुबेहूब प्रती) केलेत आणि ईटीएच० (नेटवर्क कार्डाला लिनक्सने दिलेलं नाव) जाऊन ईटीएच१ आलं, असं तुम्ही विचारलंय. कार्ड बिघडलेलं नाही. क्लोनला नवा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) मिळतो, पण यूडेव्हने (उपकरणांना नावं देणारा लिनक्सचा भाग) जुना मॅक ईटीएच० या नावाशी बांधून ठेवलेला असतो.

ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मधली ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स ही फाइल उडवा. आयएफसीएफजी-ईटीएच० या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमधून एचडब्ल्यूएडीडीआर (मॅक अॅड्रेस) आणि यूयूआयडीच्या (कनेक्शनचा ओळख क्रमांक) ओळी काढा, मग रीबूट. खरं तर हे मूळ इमेजमध्येच, बंद करण्याआधी करा. नाहीतर प्रत्येक मशीनपाशी तेच करत बसाल.

उबुंटू १८.०४ च्या क्लोनमध्ये वेगळंच दुखणं: मशीन-आयडी (त्या इन्स्टॉलेशनचा ओळख क्रमांक) सारखाच राहिल्याने डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) दोन क्लोनना एकच आयपी देऊ शकतो. तिथे ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, पण डिलीट करू नका.