परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण झोप घेतली तर रोजचं जागरण चालतं का?

रोज रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईल बघतो पण पेपरच्या आदल्या रात्री आठ तास झोपतो, मग मार्कांवर काय परिणाम होणार, असं विचारलंयस. होतो रे. मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या पोरांना एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवते, हा हिशोब करणारे दर बॅचला भेटतात.

अमेरिकेत एमआयटीमध्ये केमिस्ट्रीच्या एका वर्गातल्या मुलांच्या मनगटावर सेमिस्टरभर फिटबिट बांधून झोप मोजली, ८८ जणांची माहिती हाती आली आणि २०१९ मध्ये ते छापून आलं. मार्कांमधला जवळजवळ २५ टक्के फरक झोपेशी जोडलेला निघाला, म्हणजे किती झोपतात, कशी लागते, रोज सारखीच असते का, सगळं धरून. आणि पेपरच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मार्कांशी संबंधच दिसला नाही, दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा. झोपेमुळेच मार्क वाढतात असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण मला ते पटतं, कारण दिवसा शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. मंगळवारी एम थ्रीतलं लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकलास तर त्याला मंगळवारची रात्र लागते, पीएलमधली, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीतली नाही.

साडेआठच्या लेक्चरला मी बघते ना, पोरगा फळ्यावरची ओळ अर्धी उतरवतो, पुढच्या ओळीत मायनस गळतो आणि मग सगळं गणित गेलं. तोच दुपारी कँटीनबाहेर विचारलं तर धडाधड सांगतो. डोकं चांगलंच आहे त्याचं, झोप पाच तासांची आहे, आणि तुमच्या वयाला सात ते नऊ लागते.

नाईट मोड लावून फार काही साधत नाही. स्क्रीनच्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, उशिरा तयार होतं हे खरं, पण रील संपतच नाही हा त्याहून मोठा घोळ आहे. अलार्मसाठी मोबाईल उशाशी लागतो म्हणशील, तर साधं गजराचं घड्याळ घे आणि चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाव. रविवारी बारापर्यंत लोळणंही कमी कर, नाहीतर सोमवारी परत तेच.

अजून एक, वर्गाच्या ग्रुपवर सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, रात्री बारा वाजता सबमिशनची नोटीस टाकतो आणि त्या भीतीने निम्मा वर्ग जागा राहतो. यात तुमची चूक नाही. आमच्या वर्गात दहानंतर काही टाकायचं नाही असं मी ठरवून दिलंय, तुम्हीही सरांना सांगून बघा, बहुतेक ऐकतील.