निळा हातलेसर : अखंड की स्पंदित?

प्रश्न : १ वॉटच्या निळ्या हातलेसरमध्ये स्पंदित झोत अखंड झोतापेक्षा जोरकस, तरीही डोळ्यांना कमी घातक असतो का?

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. सुमारे ४४५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा झोत देणाऱ्या गॅलियम नायट्राइडच्या डायोडला (विजेपासून प्रकाश निर्माण करणाऱ्या अर्धवाहक घटकाला) ऊर्जा साठवून एकदम सोडता येत नाही. स्पंदित प्रकारात केवळ वीजप्रवाह चालू-बंद होतो, त्यामुळे निम्मा वेळ बंद राहणाऱ्या लेसरची सरासरी शक्ती अर्धा वॉटच भरते आणि लाकडावर डाग पडायला अधिक वेळ लागतो. डायोड कमी तापतो, हा लाभ मात्र खरा. डोळ्याचे म्हणाल, तर पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात दृष्टिपटल भाजू शकते. या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा नसेल, तर यांपैकी कोणताही लेसर कृपया चालू करू नका.