वाचकांचे प्रश्न : कार्यालयातील मोकळा पोशाख आणि त्याचे न लिहिलेले नियम

कार्यालयात रोजच्या वापरातले, मोकळे कपडे घालण्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नेमणूकपत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकात पोशाखाविषयी ‘स्मार्ट कॅज्युअल’ एवढेच लिहिले आहे. फोन करून विचारले, तेव्हा ‘तुम्हाला योग्य वाटेल ते घाला’ असे सांगण्यात आले. ही माझी पहिलीच नोकरी आहे. पहिल्या दिवशी काय घालून जावे?

उत्तर : ‘योग्य वाटेल ते घाला’ हे उत्तर देणाऱ्याला उदारपणाचे वाटते, परंतु ज्याने ते कार्यालय आतून पाहिलेलेच नाही, त्याच्यावर ते अंदाज बांधण्याचे सगळे ओझे टाकते. म्हणून प्रश्नच बदलून पुन्हा विचारा. ‘काय चालेल?’ असे न विचारता ‘माझ्या विभागातली मंडळी जीन्स घालतात का, बिनकॉलरचा टी-शर्ट घालतात का, पायात बूट असतात की सँडल?’ असे विचारले, की समोरच्याला नेमके बोलावे लागते. शक्य झाल्यास ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्यांनाच विचारा, कारण एकाच इमारतीत हिशेब विभागाची रीत एक आणि सॉफ्टवेअर विभागाची दुसरी, असे सर्रास आढळते. असे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

उत्तर मिळालेच नाही, तर पहिल्या दिवशी थोडे औपचारिकतेकडे झुकलेले बरे. एकरंगी किंवा बारीक रेघांचा कॉलरचा शर्ट, गडद रंगाची साधी सुती पॅन्ट आणि स्वच्छ बंद बूट हा पोशाख स्त्री-पुरुष दोघांनाही बहुतेक ठिकाणी शोभून दिसतो, आणि इतर सगळे टी-शर्टमध्ये दिसले, तरी त्यात अवघडल्यासारखे होत नाही. शर्ट पॅन्टबाहेर ठेवावा की खोचावा, हे त्याच्या खालच्या कडेवरून ठरवा. जी कड पुढे-मागे लांब आणि दोन्ही बाजूंना वर चढत गेलेली असते, ती खोचण्यासाठी शिवलेली असते, म्हणून असा शर्ट बाहेर ठेवला की अंग झाकलेले असूनही माणूस गबाळा दिसतो. सरळ कापलेला, कमरेच्या थोडा खाली संपणारा शर्ट बाहेर ठेवला तरी नीटनेटकाच दिसतो. कपडे कोणते आहेत यापेक्षा ते इस्त्री केलेले आहेत का, कॉलरची घडी झिजून तिचे दोरे निघाले आहेत का, याकडे लोकांचे लक्ष आधी जाते. एकदा घरी आरशासमोर खाली वाका, हात वर करून कपाटातली फाइल काढल्यासारखे करा, खुर्चीत बसून पाहा. यांपैकी कोणत्याही हालचालीत कपडे सावरावे लागत असतील, तर ते कामाच्या दिवसासाठी नकोत.

नवे कपडे घेण्याची घाई मात्र करू नका. पहिला आठवडाभर पाहत राहा आणि पाहताना आपल्याच पायरीवरच्या सहकाऱ्यांकडे पाहा. सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीने घातलेली विटकी हुडी हा नियम नसतो. तिला जे खपते, ते नव्या माणसाला खपेलच असे नाही.

प्रश्न : मी एका विभागाचा प्रमुख आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही टाय आणि फॉर्मल कपड्यांची सक्ती काढून टाकली. आता काही तरुण सहकारी हाफ पॅन्ट आणि फाटक्या जीन्स घालून येतात, तर काही ज्येष्ठ सहकारी जुना नियम परत आणा म्हणतात. लेखी नियम करावा का, आणि केला तर किती सविस्तर करावा?

उत्तर : लेखी नियम जरूर करावा. तुम्ही सक्ती काढली, तेव्हा तिच्या जागी काय अपेक्षित आहे हे सांगायचे राहून गेले असावे. जुना नियम जाचक असेल, पण तो सर्वांना ठाऊक होता. नवा नियम ज्येष्ठांच्या मनात एक आहे आणि तरुणांच्या मनात दुसरा, आणि दोघेही आपापल्या परीने त्याचे पालनच करत आहेत.

ही अडचण मोकळ्या पोशाखाच्या प्रथेइतकीच जुनी आहे. हवाई बेटांवर तिथल्या वस्त्रव्यवसायाच्या संघटनेने 1962 साली विधिमंडळाच्या सदस्यांना रंगीबेरंगी ‘अलोहा’ शर्ट भेट दिले आणि उन्हाळ्यात ते कामावर घालावेत असा आग्रह धरला. 1966 पासून तिथे शुक्रवारी असा शर्ट घालण्याची पद्धत रुजली. ही प्रथा पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील कार्यालयांत पसरली, तेव्हा शुक्रवारी कोणी चुरगळलेला घरचा टी-शर्ट घालून येऊ लागले, तर कोणी सूटमधून फक्त टाय काढून. या गोंधळात लिव्हाय स्ट्रॉस कंपनीला बाजारपेठ दिसली. तिने 1992 साली कार्यालयात चालतील अशा कॅज्युअल कपड्यांची एक सचित्र पुस्तिका सुमारे 25,000 मनुष्यबळ व्यवस्थापकांना पाठवली. त्यात अर्थातच कंपनीच्याच डॉकर्स पॅन्टना मानाचे स्थान होते. जे कार्यालयांनी स्वतः बसून ठरवायला हवे होते, ते एका कापड विकणाऱ्या कंपनीने ठरवून दिले, ही बाब मला आजही खटकते. ‘कॉलरचा शर्ट आणि खाकी पॅन्ट’ हा जो साचा अनेक ठिकाणी दिसतो, त्याच्या प्रसाराला त्या जाहिरातीचा मोठा हातभार लागला.

किती सविस्तर लिहावे, याविषयी जनरल मोटर्सचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. मेरी बारा तिथे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना पोशाखाचा नियम दहा पानांचा होता. त्यांनी तो ‘योग्य पोशाख करा’ एवढ्याच आशयाच्या दोन शब्दांवर आणला. हे उदाहरण अनेकदा सांगितले जाते, मात्र पुढचा भाग गाळून. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तक्रार केली, की माझ्या लोकांना कधीकधी ऐन वेळी सरकारी अधिकाऱ्यांना भेटावे लागते आणि तेव्हा ते जीन्समध्ये असतात. बारा यांनी त्याला नवा नियम करून दिला नाही, तर आपल्या लोकांशी बोलायला सांगितले. त्या मंडळींनी स्वतःच तोडगा काढला : अशा भेटींना जाणाऱ्यांनी एक फॉर्मल पॅन्ट लॉकरमध्ये ठेवायची. ते दोन शब्द पुरेसे ठरले, कारण त्यांच्यामागे ही बोलणी होती. बोलणी न करता दोन शब्द भिंतीवर लावले असते, तर तुमच्या विभागात जे चालले आहे तेच तिथे झाले असते.

तेव्हा नियम लिहिण्याआधी सर्वांना, विशेषतः सर्वांत नव्या सहकाऱ्यांना, एकत्र बसवा आणि कपड्यांऐवजी कामापासून सुरुवात करा. बाहेरच्या माणसांसमोर कोण जाते, यंत्राजवळ किंवा प्रयोगशाळेत कोण उभे राहते, दिवसभर पडद्यासमोर कोण असते, हे ठरले की निम्मे वाद आपोआप मिटतात. पाय उघडे ठेवणारी चप्पल गोदामात का नको, हे कोणालाही पटते. तीच चप्पल संगणकासमोर बसणाऱ्याला का नको, याचे कारण ‘बरे दिसत नाही’ याखेरीज सापडत नसेल, तर ती बंदी सोडून द्यावी. त्यानंतर उरेल ते अर्ध्या पानात लिहा, आणि जे चालणार नाही ते नावानिशी लिहा : हाफ पॅन्ट, फाटकी जीन्स, कोणाची अवहेलना करणारा मजकूर छापलेला टी-शर्ट. ‘सभ्य’, ‘शोभेल असे’ हे शब्द वापरायचेच असतील, तर लगेच पुढे उदाहरण द्या, कारण वाद नेमका याच शब्दांवरून होतो. धार्मिक कारणाने किंवा आजारपणामुळे कोणाला सूट हवी असेल, तर ती कोणाकडे मागायची, हेही त्याच कागदावर असावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हिजाब घालणाऱ्या एका तरुणीच्या बाजूने निकाल दिला. दुकानाच्या पोशाखाच्या नियमात तो बसत नाही म्हणून तिला नोकरी नाकारली गेली होती. अशा वेळी नियम सर्वांना सारखाच आहे, एवढे म्हणून मालकाची सुटका होत नाही.

नियम लागू होईल त्या दिवशी तुम्ही स्वतः आणि तुमचे ज्येष्ठ सहकारी त्याच मर्यादेत राहून मोकळे कपडे घालून या. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2005 च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम सुरू केली, तेव्हा टाय आणि कोट न घालणे हा समोरच्याचा अवमान ठरेल, अशी धास्ती नोकरवर्गात होती. पंतप्रधान आणि मंत्री स्वतः टायशिवाय लोकांसमोर आल्यावर ती ओसरू लागली.

प्रश्न : आमच्याकडे सगळे टी-शर्टमध्ये असतात. मला इस्त्रीचा शर्ट आणि फॉर्मल पॅन्टच आवडते. ‘आज मुलाखत आहे का?’ असे रोज ऐकावे लागते. मी बदलावे का?

उत्तर : मुळीच नाही. मोकळीक दिली आहे याचा अर्थ टी-शर्टची सक्ती केली आहे असा होत नाही. एकदा शांतपणे सांगा, की मला यातच काम करायला बरे वाटते. त्यानंतर सहसा कोणी विचारत नाही. तरीही टोमणे थांबले नाहीत, तर विभागप्रमुखांच्या कानावर घाला, कारण रोज तेच ऐकावे लागणे हा त्रासच आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयाचा नियम कागदावर सर्वांसाठी एकच आहे. प्रत्यक्षात मात्र ‘हे जरा जास्तच कॅज्युअल होतेय’ असे फक्त आम्हा स्त्रियांनाच ऐकवले जाते, तेही सर्वांसमोर. शेजारच्या टेबलावर तसाच बिनबाह्यांचा टी-शर्ट घातलेल्या पुरुष सहकाऱ्याला कोणी काही बोलत नाही. तक्रार केली, तर क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करते असे म्हणतील.

उत्तर : ही गोष्ट क्षुल्लक नाही आणि तुम्ही बाऊ करत नाही. नियम जितका मोघम, तितका तो राबवणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो, आणि ती नजर सर्वांकडे सारखी पाहत नाही. पुरुषांच्या कपड्यांत फॉर्मल काय आणि कॅज्युअल काय, याची ढोबळ रेषा तरी लोकांच्या डोक्यात असते. स्त्रियांच्या कपड्यांत प्रकार इतके, की ती रेषा कोणालाही हवी तिथे ओढता येते. परिणाम असा होतो, की तेच कपडे एका शरीरावर चालतात आणि दुसऱ्या शरीरावर ‘जास्त’ ठरतात. म्हणजे टिप्पणी कपड्यांवर नसून शरीरावर असते.

पोशाखाच्या अटीविरुद्ध एका व्यक्तीने आवाज उठवल्याने काय होऊ शकते, याचे एक ठळक उदाहरण लंडनचे आहे. निकोला थॉर्प या तरुणीला 2015 च्या डिसेंबरमध्ये स्वागतकक्षातील कामाच्या पहिल्याच दिवशी उंच टाचांचे बूट घालण्यास नकार दिल्यामुळे घरी पाठवण्यात आले. अशी सक्ती बेकायदा ठरावी म्हणून तिने केलेल्या अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या, ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी चौकशी केली आणि 2018 साली तिथल्या सरकारला पोशाखाचे नियम व लिंगभेद याविषयी मार्गदर्शिका काढावी लागली. तिला मोघमपणाचा नव्हे, तर स्पष्ट अटीचा सामना करावा लागला, हा फरक आहे. तुमचे काम काहीसे अधिक अवघड आहे, कारण कागदावर बोट ठेवायला जागाच नाही.

म्हणून आधी ती जागा तयार करा. कोणत्या दिवशी, कोणी, कोणत्या कपड्यांविषयी, कोणासमोर काय म्हटले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि त्या दिवशी पुरुष सहकाऱ्यांनी काय घातले होते तेही एका ओळीत टिपून ठेवा. शक्य असल्यास दोघी-तिघींनी मिळून मनुष्यबळ विभागाला लेखी विचारणा करा : नियमातल्या कोणत्या कलमाचा भंग झाला, ते कलम सर्वांना लागू आहे का, आणि अशी सूचना कोणी, कुठे द्यावी? तक्रारीपेक्षा विचारणेला उत्तर देणे त्यांनाही सोपे जाते, आणि उत्तर आले की नियम आपोआप स्पष्ट होतो. सर्वांसमोर पुन्हा कोणी बोलले, तर ‘हे आपण बाजूला बोलू या, आणि नियमाचा कागद सोबत आणा’ एवढेच म्हणा. टिप्पणी शरीराविषयी असेल किंवा वारंवार होत असेल, तर मात्र विचारणेवर थांबू नका. तो लैंगिक छळाचा विषय होतो आणि त्यासाठी असलेल्या यंत्रणेकडेच जा.

प्रश्न : फॉर्मल कपड्यांत काम अधिक चांगले होते, हे सिद्ध झाल्याचे आमचे साहेब सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : त्यांचा रोख बहुधा 2012 साली प्रसिद्ध झालेल्या हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांच्या प्रयोगांकडे असावा. त्यात पांढरा कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घालायला दिलेल्यांची एकाग्रता, तोच कोट ‘रंगाऱ्याचा’ म्हणून घालणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली होती. मात्र त्या मालिकेतला पहिला प्रयोग 2019 मध्ये अधिक लोकांना घेऊन पुन्हा केला गेला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. शिवाय मूळ प्रयोग पांढऱ्या कोटाविषयी होता. त्यावरून टायने कामाची प्रत सुधारते असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांना फॉर्मल कपड्यांनी कामाची लय सापडते त्यांनी ते अवश्य घालावेत, पण इतरांवर सक्ती करण्यासाठी हा आधार पुरेसा नाही.

प्रश्न : मोकळ्या कपड्यांची परवानगी मिळाली, पण वातानुकूलन इतके कडक असते, की पातळ कपड्यांवर दिवसभर जाकीट घालूनच बसावे लागते. यावर उपाय काय?

उत्तर : इमारतींच्या तापमानाचे मानक 1960 च्या दशकातल्या एका प्रारूपावर आधारलेले आहे आणि त्यात शरीरातील उष्णतानिर्मितीचे प्रमाण सरासरी पुरुषाचे धरलेले आहे, हे 2015 साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळे अनेक स्त्रियांना त्याच खोलीत अधिक थंडी वाजते. कपडे पातळ झाले, तर खोलीचे तापमानही वर न्यायला हवे. ‘कूल बिझ’ मोहिमेत टाय-कोटाला सुट्टी देतानाच कार्यालयांचे तापमान 28 अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले होते, ते याच हिशेबाने. तुमच्या कार्यालयात पहिली गोष्ट झाली आणि दुसरी राहिली. एक साधा तापमापक टेबलावर ठेवून आठवडाभर सकाळ-दुपारच्या नोंदी घ्या आणि त्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांना द्या. ‘फार गार वाटते’ या तक्रारीपेक्षा आकड्यांची दखल लवकर घेतली जाते. तोवर हवेच्या झोताखालून टेबल हलवता येते का, तेही विचारून पाहा.