जेट आउटबोर्ड रेस घेतो, पण होडी ओढत नाही. इंजिन खोलावं का?

खोलू नका. निदान मी सांगतो ते बघून होईपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की निफाडकडे गोदावरीत तुमची फायबरची होडी आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचा जेट (पंख्याऐवजी पाण्याच्या झोताने होडी ढकलणारं इंजिन) लावलाय, रेस दिली की इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी मात्र बैलगाडीसारखी चालते. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन करावं लागेल. शिवाय तुम्ही विचारलंय की जेट काढून साधा पंखा बसवता येईल का. दुपारी दुकानात बसून हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण हे सगळं माझ्या घरात घडलंय. मेकॅनिकचं वाक्यसुद्धा हेच होतं.

ज्या इंजिनाच्या रिंगा गेल्या ते लोडवर रेस घेत नाही, खाली बसतं. तुमचं वर चढतंय. याचा अर्थ त्याच्यावर लोडच येत नाही, म्हणजे खालचा पंप पाणी धरत नाही. जेट म्हणजे पंप, दुसरं काही नाही. वर इंजिन, खाली पंप.

मी घोटीला मोटारी भरतो, म्हणजे त्यांचं वाइंडिंग करतो, आणि पंप दुरुस्त करतो. दारणाच्या फुगवट्यावरून पाणी उचलणारे शेतकरी माझं गिऱ्हाईक. पाणी कमी पडलं की माणूस मोटार खांद्यावर टाकून येतो, 'भरून द्या'. निम्म्या वेळा मोटारीला काही झालेलं नसतं. वाळू खाऊन इंपेलर, म्हणजे पंपातला फिरणारा पंखा, झिजलेला असतो, नाहीतर सक्शनला हवा धरत असते. हे मला वीस वर्षं रोज दिसतं. पण थोरल्या भावाला हे पटवता आलं नाही, ते आजही सलतं.

दादा दारणा धरणावर मासेमारी करतो. रोहू, कटला, चिलापी. धरण १९१६ चं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेले बांध, खुंट, काळे दगड वर येतात आणि साध्या पंख्याची होडी किनाऱ्याला लावणं म्हणजे पाती फोडून घेणं. एका मेमध्ये दादाने दोन पंखे घालवले. म्हणून मीच त्याला जुना जेट बघून दिला, एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याने काढलेला. खाली काही लोंबत नाही, हातभर पाण्यात चालतो. पहिला हंगाम दादा खूश होता. पहाटे जाळी काढून सातच्या आत माल घोटीला.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुरकुर सुरू झाली. तुमच्यासारखीच. आवाज मोठा, चाल कमी, डिझेलच्या होडीने मागून येऊन पुढे जावं इतकी कमी. मी तेव्हाच म्हणालो, दादा, पंप बघू. त्याने किनारपट्टीवरचा एक मेकॅनिक बोलावला. त्याने दोरी ओढून, कान लावून सांगितलं की इंजिनाला दम नाही. इंजिन टेम्पोत घालून गेलं, अठरा दिवसांनी आलं, २२ हजार गेले. ऐन उन्हाळ्याचे अठरा दिवस. लावलं तर चाल तेवढीच. मी पुन्हा पंपाचं काढलं तेव्हा चार माणसांत दादा म्हणाला, "तू मोटारी भरणारा माणूस, तुला बोटीतलं काय कळतं?"

त्या रात्री मी एकटाच धरणावर गेलो. होडी काठावर ओढलेली होती. वाइंडिंगच्या तारांचे तुकडे खिशात घेऊन गेलो होतो. जेटच्या तोंडाला खालून जी जाळी असते, तिच्या फटीतून इंपेलरच्या पात्याचं टोक आणि लायनर (इंपेलरभोवतीचं कडं) यांच्यामधली फट मोजता येते, काहीही न खोलता. ही फट साधारण ०.८ मिमी असावी लागते. आमच्याकडची २१ नंबरची तार बरोबर तेवढी भरते. नंबर लहान तशी तार जाड. ती तर गेलीच, १६ ची गेली आणि आत हलायलाही लागली. १४ ची तेवढी अडकली. म्हणजे पावणेदोनच्या आसपास फट, पाहिजे त्याच्या दुप्पट. तेवढ्या फटीतून पाणी मागे घसरत होतं आणि इंजिन बिचारं हवेत पाय मारत होतं.

मग खोललं. खालचं इनटेकचं घर, म्हणजे पाणी आत घेणारा भाग, उतरवला. पात्यांच्या कडा चमच्यासारख्या गोल झालेल्या, हात फिरवला तरी लागत नाहीत. आणि इंपेलरच्या मागे शाफ्टला नायलॉन जाळ्याचा मुठीएवढा गोळा, इतका घट्ट की ब्लेडने कापत कापत काढावा लागला. तुटलेली जाळी पाण्यात सोडून देणाऱ्यांनी हा गोळा एकदा बघावा.

दुरुस्ती एवढीच आहे, लक्ष देऊन वाचा. इंपेलरचा नट, त्याच्या खाली कान दुमडलेली वॉशर आणि काही शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. लायनर खाली निमुळता असतो. खालच्या शिमांतली एक काढून इंपेलरच्या वर टाकली की इंपेलर तेवढा खाली सरकतो आणि फट कमी होते. एक-एक शिम हलवायची, घर चढवायचं, हाताने फिरवायचं, तार घालून चारी बाजूंनी बघायचं. कुठे घासायला नको. सगळ्या शिम वर गेल्या तरी फट भरत नसेल तर लायनर किंवा इंपेलर बदलायची वेळ झाली. पात्याच्या कडेला कानस मारायची ती खालच्या बाजूनेच. वरच्या बाजूचा उतार बिघडवला तर पातं पाणी नीट ढकलत नाही, मग कितीही घासा. आणि सुरीसारखी धार नको, ०.८ मिमीएवढी जाड कड राहू द्या, नाहीतर पहिल्याच खड्याने दातरी पडते.

सकाळी साडेपाचला दादा आणि पुतण्या आले, होडी पाण्यात ढकलली. रेस दिल्यावर आवाज खाली बसला आणि होडीचं नाक वर आलं. मी काठावर उभा होतो. परत आल्यावर दादा म्हणाला, "इंजिन मोकळं झालं आता. नवीन रिंगा बसायला वेळ लागतोच." मी तारेचे तुकडे दाखवले, गोळा दाखवला. त्याने बघितलं आणि माल उतरवायला गेला.

इथपर्यंत असतं तर मी विसरलोही असतो. पण 'इंजिन केलंय' हे डोक्यात बसल्यामुळे खालच्या बेअरिंगला ग्रीस मारायचं राहिलं. जेटला सगळ्यात महत्त्वाचं काम हे ग्रीसचं. दर दहा तासांनी मारायचंच. आम्ही तर रोजच सांगायचो, आणि तेही फेरीवरून आल्यावर, सकाळी निघताना नाही. गरम असताना ग्रीस आत चांगलं जातं आणि ओल रात्रभर बेअरिंगवर बसून राहत नाही. निपलवरची नळी काढायची, ग्रीस गनने भरत राहायचं, जुनं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. पाण्याला दाद न देणारं लिथियम ग्रीस वापरा, चाकाचं कुठलंही नको. बाहेर आलेलं बोटावर घेऊन बघायचं. ताकासारखं पांढुरकं किंवा मळकट राखाडी, पाण्याचे थेंब असलेलं आलं तर सील गेलंय. पुतण्याला मी हे करून दाखवलं होतं. दोन महिन्यांनी मी स्वतः गन लावली तर ताक आलं. सील बदलू म्हटलं, हंगाम संपल्यावर बघू म्हणाले. जूनच्या पहिल्या वाऱ्यात भर धरणात बेअरिंग गेलं, शाफ्ट डगमगला, इंपेलरने लायनर खरवडून काढला. दोघं साडेतीन तास वल्ही मारत आले. इंजिन भंगाराच्या भावात गेलं, आणि आजही भावकीत कुणी विचारलं तर दादा सांगतो, "जेट म्हणजे आतबट्ट्याचा धंदा, धाकट्याने गळ्यात मारला." दोष जेटचा नव्हता. तीस रुपयांच्या ग्रीसचा होता.

आता तुमचं. तुमच्याकडे गोदावरीत जलपर्णी आहे, म्हणून पहिला संशय तिच्या मुळांवर. चालता चालता एकदम ताकद गेली असेल तर इंजिन बंद करा, अडकलेलं बरंचसं आपोआप खाली गळतं. नाही गळलं तर काठाला लावून जाळी हाताने साफ करा. ताकद हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत गेली असेल तर तार घालून फट मोजा. अजिबातच ढकलत नसेल तर इंपेलरला शाफ्टवर धरणारी चावी कापली गेली असेल, दगड अडकला की ती मुद्दाम तुटते म्हणजे बाकीचं वाचतं. आणि पहिल्या दिवसापासूनच असं होत असेल, वळताना जास्त, तर पंप हवा धरतोय. इनटेकची पुढची कड होडीच्या तळाच्या रेषेत हवी. वर राहिली की हवा, फार खाली गेली की नुसता ओढ. आपल्याकडच्या होड्यांना तळाला मधोमध पट्टी असते ती थेट मागपर्यंत आलेली असते. तिच्यामागून सुटलेले बुडबुडे नेमके इनटेकमध्ये जातात. ती पट्टी मागून कापून घ्यावी लागते, हे फायबरवाल्याकडून करून घ्या.

जेट काढून साधा पंखा बसवता येतो, पण नुसता पंखा नाही, खालचं अख्खं गिअरचं घर, शाफ्ट, गिअरची जोडणी सगळं लागतं. जुनं मिळालं तर ठीक. माझं मत विचाराल तर उथळ पाण्यात काढू नका. जेटमध्ये ताकद वाया जाते हे खरं आहे, ६० च्या इंजिनाला जेट लावला की ४० चं काम मिळतं. म्हणून दोन माणसं आणि सहा क्रेट माल असला की तो कुंथतो, ते बिघाडात धरू नका.

राहिलेलं: फटीत तार घालण्याआधी इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढा आणि प्लगच्या वायरी उपसा, पुतण्याचं बोट थोडक्यात वाचलंय. पाण्याबाहेर इंजिन चालवून बघू नका, इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणारा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. रेस सोडली की जेटला वळण राहत नाही, काठाजवळ हे लक्षात ठेवा. आणि हेही मान्य करतो की रेस चढतच नसेल किंवा धूर वेगळा येत असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर असू शकतो, मग कॉम्प्रेशन मोजायला सांगा, कान लावून नाही.

घोटीला किंवा नाशकात कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे २१, १६ आणि १४ नंबरच्या तारेचे वीतभर तुकडे मागा, फुकट देईल. कुठली गेली आणि कुठली अडकली ते इथे लिहा. २१ पेक्षा जाड तार गेली असेल तर ते उत्तर मी दादाला वाचून दाखवणार आहे.