नगरसेविका होऊ पाहणाऱ्या बातमीदार मुलीस

कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीच्या बातम्या करताना तू प्रभागाप्रभागांतून फिरलीस आणि त्या फिरण्यातूनच ‘पुढच्या खेपेला आपण स्वतः उभे राहावे’ हा विचार मनात पक्का झाला, असे तू कळवतेस. माझी सगळी नोकरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कचेऱ्यांत गेली, आणि त्यातला मोठा काळ सभांच्या विषयपत्रिका काढण्यात व इतिवृत्ते लिहिण्यात गेला. निवडणूक मी कधी लढवली नाही, त्यामुळे मते कशी मिळवावीत हे मला विचारू नकोस. ती मिळाल्यावर सभागृहात बसून काय करावे लागते आणि त्यासाठी आधी काय शिकून ठेवावे, एवढे मात्र मी थोड्याफार अधिकाराने सांगू शकेन.

तुझी मुख्य अडचण तुझ्या पिढीच्या वाट्याला आलेली आहे. कोल्हापूरच्या मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. तू या व्यवसायात आलीस ती नेमकी याच काळात. म्हणजे ज्या संस्थेच्या बातम्या तू रोज दिल्यास, तिचे सभागृह चालताना तू पाहिलेलेच नाहीस. आयुक्तांची पत्रकार परिषद, निवेदन घेऊन आलेले शिष्टमंडळ आणि दारातले आंदोलन, यांपलीकडची महापालिका तुम्हा मंडळींना दिसलीच नाही, कारण ती दिसण्याजोगी उरली नव्हती. आता सभागृह पुन्हा भरते आहे. तेव्हा उमेदवारीचा विषय तूर्त बाजूला ठेव आणि पुढची दोन वर्षे एकही सर्वसाधारण सभा चुकवू नकोस.

सभेला बसशील तेव्हा तुझी व्यावसायिक सवय तुला फसवील, हे आधीच सांगून ठेवतो. राजदंड उचलला, फलक फडकले, सभात्याग झाला, की कॅमेरा तिकडे वळतो. पण त्या गदारोळातच विषय क्रमांक वाचले जातात आणि मंजूर होतात. तू कागदाकडे बघ. ठरावाचा मजकूर काय होता, सूचक कोण, अनुमोदक कोण, उपसूचना कोणती आली आणि ती कशी निकालात निघाली, हे टिपून ठेव. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून जे शेवटी पुकारले जाते, त्याकडे विशेष लक्ष दे, कारण त्या विषयांची टिपणी बहुतेक सदस्यांनी आधी वाचलेली नसते. सभेआधी निघालेली विषयपत्रिका आणि नंतर कायम झालेले इतिवृत्त शेजारी शेजारी ठेवून वाचलेस, तर दोहोंतला फरक तुला कुठल्याही सूत्राने दिलेल्या माहितीपेक्षा अधिक सांगेल.

याच्या जोडीला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वाचून काढ. सगळा पाठ करण्याची गरज नाही. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन. लोक तुझ्या दारात जे मागायला येतील ते कोणत्या कलमात बसते, हे तुला त्याच क्षणी कळले पाहिजे. पाणी, गटर, दिवाबत्ती, स्मशानभूमी यांसाठी कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत, ते संस्थेचे कर्तव्यच आहे, असे नागरिकाला निःसंकोच सांगणारा नगरसेवक विरळा, कारण तसे सांगितले की स्वतःच्या नावाचा फलक लावता येत नाही. स्थायी समिती सोळा जणांची असते आणि पैशाचे बरेचसे निर्णय तिथे होतात, हेही ध्यानात असू दे. शिवाय सभागृहाने बहुमताने केलेला ठरावसुद्धा कलम ४५१ खाली राज्य शासन निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. सभागृह सार्वभौम आहे अशा समजुतीने आलेले तरुण सदस्य पहिल्या विखंडनानंतर हताश होतात. तू ते आधीच जाणून ये.

आता एका साध्या कामाचा प्रवास सांगतो, कारण माझ्या मते नगरसेवकाचे निम्मे शिक्षण त्यात आहे. तुझ्या गल्लीतली गटर तुंबते आणि ती नव्याने बांधायची आहे, असे धर. कनिष्ठ अभियंता पाहणी करतो, चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार होते, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, तरतूद आहे हे लेखा विभाग बघतो, त्यानंतर प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. काम सुरू झाले की मोजमापांची नोंद एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, आणि शेवटी देयक. यातल्या प्रत्येक टेबलावर फाईल थांबू शकते, आणि थांबण्याची कारणे पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतात: एखादा नकाशा जोडलेला नसतो, एखादी सही राहिलेली असते, किंवा मार्चअखेर तरतूद व्यपगत झाल्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. ‘निधी मंजूर’ ही बातमी देऊन तू आजवर पुढच्या बातमीकडे गेलीस आणि त्यात गैर काहीच नव्हते, कारण तुझे काम तिथे संपत होते. नगरसेविकेचे काम तिथे सुरू होते. तेव्हा आजच तुझ्या भागातले असे एखादे काम निवड, आणि त्याची बातमी न करता, निव्वळ नागरिक म्हणून, ते देयकापर्यंत पाठपुरावा करून पूर्ण करून घे. माहितीचा अधिकार जरूर वापर, पण आधी टेबलावर जाऊन नम्रपणे विचार. कनिष्ठ कर्मचाऱ्याला वाहिनीचा बूम माइक दाखवून मिळालेले उत्तर आणि खुर्ची ओढून बसल्यावर मिळालेले उत्तर यांत फार अंतर असते.

कागद वाचण्याचा माझा हा आग्रह तुला कारकुनी वाटेल, म्हणून तुझ्या शाळकरी वयातल्या एका लढ्याची आठवण देतो. सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांच्या प्रकल्पापोटी शहराच्या वेशीवर टोल लागला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समिती रस्त्यावर उतरली, आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द केल्याची घोषणा करावी लागली. कोल्हापूरकर या विजयाचा अभिमान बाळगतात आणि तो योग्यच आहे. परंतु तो करार त्रिपक्षीय होता आणि आपली महापालिका स्वतः त्यातील एक पक्षकार होती. जो कागद पुढे हजारो माणसांना रस्त्यावर आणतो, तो आधी कोणत्या तरी टेबलावरून मुकाट्याने पुढे सरकलेला असतो. मोर्च्याचे नेतृत्व करण्याचे बळ तुझ्यात असेल-नसेल. असा मसुदा टेबलावर येईल त्या दिवशी त्याची कलमे वाचून सभागृहात उभे राहण्याची तयारी मात्र तू करू शकतेस, आणि ती अजून फार थोडे लोक करतात.

या शहराचे प्रश्न तुला तोंडपाठ आहेत. थेट पाइपलाइनचे पाणी काळम्मावाडी धरणातून यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, हद्द १९७२ पासून वाढलेली नाही, रंकाळा आणि जयंती नाला यांवर तू स्वतः मालिका केल्यास. त्यांची उजळणी मी करत नाही. फक्त पुराचा प्रश्न घे, कारण बातमीदार आणि नगरसेविका या दोन भूमिकांमधला फरक तिथे सर्वांत उघडा पडतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ वर धोका, हे कोल्हापुरातले पोरसुद्धा सांगते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सुतारवाड्यातली कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलवली जातात, तेव्हा बातमीदार म्हणून तू तिथे असतेसच आणि ‘पूररेषेत बांधकामांना परवानगी मिळालीच कशी?’ हा प्रश्न विचारतेस. उद्या तू निवडून आल्यावर, भर उन्हाळ्यात, तुझ्यासाठी घरोघरी फिरलेला एखादा कार्यकर्ता येईल आणि म्हणेल, ‘ताई, आपली थोडी जागा निळ्या रेषेत येते, तेवढं नगररचनामध्ये बोला.’ त्या वेळी त्याला नाही म्हणायचे, ते तोंडावर म्हणायचे, आणि तरीही पुढच्या आठवड्यात त्याच्या घरच्या कार्याला जायचे, हे तुला जमेल का, याचा विचार उमेदवारी अर्ज भरण्याआधी कर. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा कार्यकर्त्याला अन्यायाची वाटते, आणि त्याचे ऐकणारा पुढारी त्याला आपला वाटतो.

तुझ्या ओळखीच्या चेहऱ्याविषयी तुला जो भरवसा वाटतो आहे, तो थोडा कमी करून घे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत माणूस ओळखतात तो कोणत्या तालमीचा, कोणत्या मंडळाचा, कोणाच्या मयतीला खांदा द्यायला आला होता, यावरून. या व्यवस्थेत बाईला सहजासहजी जागा नाही, हेही खरे. तुझी वाट बचत गट, अंगणवाडी, महापालिकेच्या शाळेची व्यवस्थापन समिती, रेशन दुकानासमोरची रांग यांतून जाईल, आणि ती जास्त टिकाऊ असेल असे मला वाटते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्या तरी निवडून आलेल्या बाईचा फोन तिचा नवरा किंवा दीर उचलतो, हे दृश्य तू पाहिले आहेस. तुझा फोन पहिल्या दिवसापासून तूच उचल.

आरक्षणाची सोडत कशी निघेल हे कोणाच्या हातात नसते, म्हणून एकाच जागेवर आयुष्य बेतू नकोस. राखीव प्रवर्गातून लढणार असशील, तर जात वैधता प्रमाणपत्राची कागदपत्रे आजच गोळा करायला लाग. ते मुदतीत सादर न झाल्यामुळे २०१८ मध्ये आपल्याच शहरातल्या कितीतरी नगरसेवकांची पदे धोक्यात आली होती. पक्षाबद्दल मी फार लिहीत नाही. एवढेच, की चिन्ह घेतलेस की १९८६ चा पक्षांतरविरोधी कायदा आणि व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, यांनी तुझे मत काही प्रमाणात बांधले जाईल, आणि हे बंधन कोणाच्या हाती द्यायचे ते तिकीटवाटपाच्या गर्दीत ठरवण्याचा विषय नव्हे. पोटापाण्याचेही तसेच. नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही, आणि ज्याचे घर दुसऱ्या मार्गाने चालत नाही त्याच्यापुढे ठेकेदार फार लवकर येऊन बसतो.

शेवटी तुझ्या सध्याच्या व्यवसायाबद्दल. निवडणूक लढवायचे मनाशी ठरले, की महापालिकेच्या बातम्या करणे त्या दिवशी थांबव आणि का थांबवलेस ते संपादकांना लेखी कळव. आपल्याकडे पत्रकारितेतून राजकारणात येणे नवे नाही. कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषदेची चळवळ उभारणारे भाई माधवराव बागल ‘अखंड भारत’ हे वृत्तपत्र चालवत होते. पण ते कोणत्या बाजूचे आहेत हे त्यांच्या वाचकाला पहिल्या ओळीपासून माहीत होते. तुझ्या प्रेक्षकाला तू तटस्थ वाटतेस. त्याच्या या समजुतीवर दोन-तीन वर्षे प्रचाराची पेरणी करत राहणे कायद्याच्या कचाट्यात कदाचित सापडणार नाही, तरी ते करू नकोस. कायद्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो: महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणारा सदस्य कलम १० खाली अपात्र ठरतो, पण महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रात हितसंबंध असणे त्यातून वगळलेले आहे. ही सवलत घेणारे भेटतील आणि तुलाही एखादे साप्ताहिक काढण्याचा सल्ला देतील. तो मानू नकोस. तुझ्या जुन्या सहकाऱ्यांनी उद्या तुझ्यावर कठोर बातमी केली, तर त्यांना फोन करून जुन्या चहाची आठवण देऊ नकोस.

महापालिकेच्या अर्थसंकल्पांची जुनी पुस्तके माझ्याकडे कपाटात आहेत. येत्या रविवारी येऊन त्यातली तीन वर्षांची घेऊन जा. तुझ्या प्रभागाशी संबंधित लेखाशीर्षांवर पेन्सिलीने खुणा कर, तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला हे समोरासमोर लिही, आणि जिथे आकडा समजणार नाही तिथे प्रश्नचिन्ह घाल. ती पाने घेऊन आलीस की पुढचे बोलू. येताना दुपारी चारनंतर ये, त्याआधी मी झोपलेला असतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका