धंदा फोनवर आला, मग बायकांचं बरं झालं का?

प्रश्न: ताई, मी पुण्यात बुधवार पेठेत देहविक्री करणाऱ्या बायकांमध्ये कंडोम वाटप आणि एचआयव्ही तपासणीचं काम करते. लॉकडाऊनपासून आमच्या बऱ्याच जणी फोनवर गेल्या, गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं, कुणी नुसते व्हिडिओ कॉल करतात. घरवालीचा, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईचा, जाच सुटला म्हणतात, पण मला काळजी वाटते.

उत्तर: काळजी रास्तच आहे तुमची. घरवालीला निम्मे पैसे देणं सुटलं, दारात ताटकळत उभं राहणं सुटलं, हे काही थोडं नाही. पण गल्लीत ओरडलं की शेजारच्या खोलीतून चौघी धावून यायच्या, आता ती एकटी कुठल्यातरी लॉजवर जाते आणि कुठे गेलीय ते कुणालाच माहीत नसतं.

मग दोघींनी मिळून खोली घ्यावी म्हटलं तर 1956 चा पिटा कायदा (देहव्यापाराला आळा घालणारा) आडवा येतो, दोघींनी मिळून दोघींच्या कमाईसाठी एक खोली वापरली तरी तो कुंटणखाना. सुप्रीम कोर्टाने 19 मे 2022 ला सांगितलं की स्वखुशीने धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला पोलिसांनी त्रास देऊ नये, पण कुंटणखाना चालवणं गुन्हाच राहिला. म्हणजे एकटी असली तर चालतं आणि सोबत घेतली की गुन्हा, मला याचा फार राग येतो.

पैशाचंही बघा. गिऱ्हाईकाने क्यूआर स्कॅन केला की त्याला बँकेतलं खरं नाव दिसतं, धंद्यातलं नाही, आणि त्यावरून फेसबुकवर गावाकडची माणसं शोधायला कितीसा वेळ लागतो! त्यामुळे जमेल तिथे रोखच घ्यायला सांगा, धंद्याचा नंबर वेगळा ठेवायचा आणि तो बँकेला जोडायचा नाही. व्हिडिओ कॉलवर चेहरा नको, आणि मागच्या भिंतीवर मुलांचे फोटो तर अजिबातच नकोत.

कुणी रेकॉर्डिंग दाखवून पैसे मागितले तर एक रुपयासुद्धा द्यायचा नाही, एकदा दिला की मागणं थांबत नाही. चॅट डिलीट न करता सायबर पोलिसांकडे जायचं. संमतीशिवाय असे खासगी फोटो-व्हिडिओ काढणं, पसरवणं आयटी अ‍ॅक्टच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, बाई धंदा करते म्हणून तो माफ होत नाही. तुम्ही स्वतः सोबत जा, एकटी गेली तर तिलाच आरोपीसारखे प्रश्न विचारतात.

आणि निघताना लॉजचं नाव, खोली नंबर मैत्रिणीला टाकायचा, तिने ठरल्या वेळी फोन करायचा. मैत्रीण नसेल त्यांच्यासाठी तुमच्या ऑफिसचा एखादा नंबर रात्री चालू ठेवता येतो का, तेवढं संस्थेत विचाराच.