नाशिक महापालिकेतली रस्त्याच्या कामाची फाईल माहिती अधिकाराचा अर्ज न करता बघता येते का?

हो, येते. राज्य शासनाच्या 2018 च्या परिपत्रकानुसार महापालिका, जिल्हा परिषद आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फाईली आणि नोंदी, पाहायला द्यायचे असतात. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच पुढे राज्यभर लागू केली. आमच्या भागातल्या लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो, म्हणून ठाऊक आहे.

खरी अडचण परवानगीची नसते, फाईल सापडण्याची असते. शरणपूर रोडला महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात जाऊन नुसतं "आमच्या गल्लीच्या रस्त्याची फाईल" म्हणालात तर या टेबलावरून त्या टेबलावर फिराल. त्यामुळे निघण्याआधी हे जमवा:

- कामाचं नाव, प्रभाग, वर्ष
- कार्यारंभ आदेशाचा (वर्क ऑर्डरचा) जावक क्रमांक (ठेकेदाराच्या फलकावर किंवा नगरसेवकाकडे बघा)
- विभाग, म्हणजे इथे बांधकाम

अभिलेखांची सूची करून ठेवणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार कार्यालयाचंच काम आहे, तेव्हा आधी सूची मागायला संकोच नको. काम फार जुनं असेल तर घाई करा. सरकारी दप्तरात 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवतात, पण 'ड' वर्गाचे वर्षभरानंतर नष्ट करता येतात.

मात्र सोमवारी फक्त बघायला मिळतं. तक्रारीला जोडायला साक्षांकित प्रत हवी असेल तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा रीतसर अर्जच करा.